काल काय शिजलं होतं?

या, आत या. पायरीवर उभं राहून काय बोलायचं? आणि ही काय तऱ्हा झाली तुमची? मुलीच्या फी-सवलतीचा फॉर्म भरायला निघालात आणि कागद आणलेत मागच्या खिशात, चार घड्या घालून, वर बसून चपटे केलेले. हा कागद आहे की तंबाखूची पुडी?

आमचे मेहताजी असते तर तुम्हाला एका शब्दाने बोलले नसते. त्यांनी स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं असतं, म्हणाले असते, "आधी पाणी प्या." तुम्ही पाणी प्यालात की तोच ग्लास उचलून त्याच्या बुडाने तुमच्या कागदाची एकेक घडी मोडली असती. इस्त्री फिरवतात तशी, सावकाश. लोकांना वाटायचं, किती प्रेमळ माणूस, आल्याआल्या पाणी विचारतो. प्रेमळ होतेच. पण भरलेला ग्लास कागदावर फिरवता येत नाही, हेही होतं.

भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगते, मेहता हे त्यांचं आडनाव नव्हतं. इकडे लूमच्या कारखान्यात जो कामगारांचं कापड मोजून त्यांचा पगार काढतो, त्याला मेहताजी म्हणतात, मग तो कुठल्याही जातीचा असो. हे वाडा तालुक्यातल्या एका खेड्यातले. तीसेक वर्षं एकाच कारखान्यात वही लिहिली. मग मालकाने लूम भंगारात काढले, आणि शेवटच्या दिवशी त्या भंगाराच्या वजनाची नोंदही ह्यांनीच केली. त्या नोंदीवर सही करून जे बाहेर पडले, ते घडीचं टेबल काखेत घेऊन माझ्या दारात आले.

माझं झेरॉक्सचं दुकान निजामपुऱ्यात, गल्लीच्या तोंडाशी. मागे एक खोली, तिथेच राहायचं. माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

"वहिनी, ह्या पायरीशी टेबल लावू का? फॉर्म भरून देईन लोकांना."

"किती दिवस?"

"कॉलेजच्या ॲडमिशन संपेपर्यंत."

ॲडमिशन संपत नसतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं बसले.

लोकांचे फॉर्म भरता भरता माझंही सगळं तेच लिहायला लागले. गॅसचा अर्ज, लाइटच्या मीटरची तक्रार, महिन्याला बँकेत पैसे भरायची स्लिप. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण झेरॉक्सच्या काचेवर झालं. एकेक कागद उलटा ठेवायचा, सुलटा बाहेर आला की वाचायचा. वाचायला तशी मी कोणाला हार जाणार नाही, पण लिहायचं म्हटलं की अक्षर रस्ता ओलांडणाऱ्या कोंबड्यांसारखं पळतं. म्हणून स्लिप त्यांनीच भरायची आणि मी सही करायची. ही स्लिप ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

आता त्यांची पद्धत ऐका. फी-सवलतीच्या फॉर्मवर सरकार विचारतं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती. मेहताजी हे कधीच विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "काल काय शिजलं होतं?"

एकदा एक गृहस्थ आले. अंगात पांढरा शर्ट, तोंडावर गरिबी. म्हणाले, "काय नाय हो मेहताजी, डाळ-भात." बोलताना दातात काडी फिरवत होते. मेहताजींनी त्या काडीकडे बघितलं.

"डाळ कोंबडीची व्हती का?"

गृहस्थांनी काडी खिशात ठेवली आणि खरा आकडा सांगितला.

मेहताजींचं म्हणणं, प्रत्येक घराची चार उत्पन्नं असतात. एक सोयरिकीला सांगायचं, एक बँकेत कर्ज काढताना, एक फी माफ करायच्या वेळी, आणि एक खरं. "पहिली तीन मला पाठ हायत. चौथं तेवढं सांगा." असं म्हणून पेन्सिल घ्यायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आधी सगळं कच्चं मांडायचे. दोन-तीन महिन्यांमागचा महिना नेहमी त्यांच्या टेबलावर उताणा पडलेला.

लूमवरचे कामगार यायचे. त्यांना पगार पंधरवड्याने, तोही जितकं कापड विणलं तितका. त्याचं वर्षाचं उत्पन्न सांगायचं कसं? एक बापडा मुलाला घेऊन आला, म्हणाला, "मेहताजी, बारह से गुणा किया है."

"बारह नहीं, चौबीस."

त्याचा चेहरा उतरला. उत्पन्न एकदम दुप्पट झालं ना!

"रुको. अब ईद के दिन काटो. गाँव गये थे? वो महीना काटो. बत्ती जाती है? वो काटो. सूत नहीं आया, लूम बंद, वो काटो." असं काटत काटत त्या बापड्याला मर्यादेच्या इतकं खाली आणून ठेवलं की तोच घाबरला. म्हणाला, "मेहताजी, इतना कम? लोग क्या बोलेंगे?"

"लोगों को दूसरावाला बताना."

त्यात खोटा एकही आकडा नव्हता. कारखान्यातल्या वहीत जन्म घालवलेला माणूस, लूम वर्षाला किती दिवस खरंच चालतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

माझ्या धंद्याचं मात्र त्यांनी एका बाबतीत कायम नुकसान केलं. मी लॅमिनेशनही करते. लोक हौसेने दाखले, आयकराचा कागद, सगळं प्लॅस्टिकमध्ये घालून घ्यायला येतात. हे टेबलावरून हात आडवा करायचे. "नका करू. उद्या साहेबाला शिक्का मारायचा झाला तर पोटावर मारील?" गिऱ्हाईक परत. मी आतून म्हणायची, "मेहताजी, पायरी माझी आहे हो." ते म्हणायचे, "म्हणून तर सांगतो वहिनी. तुमच्या दारातून कागद मेलेला जायला नको."

एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. फॉर्म भरून झाला की सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारायचे, पण सही घेण्याआधी अख्खा फॉर्म मोठ्याने वाचायचे. गल्लीतल्या माणसांना ऐकू जाईल असा. "फॉर्म तुमचा हाय. मी फक्त हात. एकदा ऐका, मग सही करा." ऐकता ऐकता पुष्कळ जण खाकरायचे आणि म्हणायचे, "तो एक आकडा जरा बदला." लबाडी लिहिताना जड जात नाही हो, मोठ्याने ऐकताना जाते.

हा नियम एकाच माणसाने मोडला. मी.

ते सांगायचं तर थोडं माझ्या माहेरचं सांगायला लागेल. फार नाही सांगत.

माझं माहेर इथलंच, भिवंडीजवळच्या पूर्ण्याचं. भाताची जमीन. आज तुम्ही तिकडे गेलात तर भात दिसायचा नाही, गोदामंच गोदामं. आमच्या जमिनीवरही एक झालं. आम्ही तिघं भावंडं, मोठा भाऊ, मग मी, मग धाकटा. जमीन भावांच्या नावावर करताना मी हक्क सोडल्याची सही दिली, आमच्यात बहिणी देतात तशी. पण गोदाम झालं आणि पहिलं भाडं आलं, तेव्हा दोघे भाऊ आपापसात म्हणाले, ताईचा नवरा गेला, तिचा तिसरा वाटा. बस, एवढंच. कुठे लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही. दर महिन्याला धाकटा स्टीलचा डबा घेऊन दुकानात यायचा. वर सुकट किंवा तांदळाच्या भाकऱ्या, खाली पिशवीत पैसे. "ताई, डबा रिकामा करून दे गो." मी मागच्या खोलीत जाऊन रिकामा करायची. मेहताजी टेबलाशी बसून कोणाचा तरी फॉर्म वाचत असायचे.

ह्याला दोन वर्षं झाली आणि माझी मुलगी बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला. फीचा आकडा बघून मी मशीनचं झाकण बंद केलं. मेहताजी म्हणाले, "वहिनी, सवलतीचा फॉर्म भरू. या, बसा." मी पहिल्यांदाच त्यांच्या टेबलाच्या पलीकडे बसले, गिऱ्हाईकाच्या बाजूला.

पाणी दिलं. मी प्याले.

"काल काय शिजलं होतं?"

"वांगं," मी म्हणाले.

काल पापलेट होतं. धाकट्याने डब्यातून दिलेलं. मी तळलं होतं आणि मागच्या खोलीतला वास बाहेर जायला वाट एकच, दुकानातून, मेहताजींच्या डोक्यावरून.

"झेरॉक्सचं किती पडतं महिन्याला?"

ते खरं सांगितलं.

"आणखी काही?"

"आणखी काय असणार? काही नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर फुली मारली, कागद हातात धरला, घसा साफ केला. मी म्हणाले, "वाचू नका, मेहताजी. माझा विश्वास आहे तुमच्यावर." विश्वासबिश्वास काही नाही. 'विधवा, अन्य उत्पन्न शून्य' हे त्या माणसाच्या तोंडून गल्लीसमोर ऐकायची मला हिंमत नव्हती. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. मी फुलीवर सही केली, नजर फुलीवरून हलवली नाही. झेरॉक्ससुद्धा न बघता काढली. सवलत मिळाली. मुलगी नर्स झाली, ठाण्याला नोकरीला लागली. आणि माझ्या पोटात ते वांगं बसून राहिलं.

तुम्ही म्हणाल, एवढंसं तर खोटं. हो, एवढंसंच. पण रोज सकाळी त्या खोट्याला मी चहा द्यायची आणि ते मला "बरं हाय ना वहिनी?" विचारायचं.

सहा वर्षं गेली. एक दिवस धाकटा आला, आणि हातात डबा नाही. बरोबर त्याची मुलगी, माझी भाची. तिला फार्मसीला ॲडमिशन मिळालं होतं. फी-सवलत मिळाली तर जाणार, नाही तर बी.ए., असं घरात ठरलेलं. पोरीने कागद नीट फोल्डरमध्ये आणले होते, एकही घडी नाही. मेहताजींना तिचं फार कौतुक वाटलं. ग्लास तसाच बाजूला राहिला.

त्यांनी धाकट्याचा आयकराचा कागद बघितला. चष्मा काढला, पुसला, परत बघितला.

"काल काय शिजलं होतं?"

"बोंबील," धाकटा म्हणाला.

"ओले?"

"सुके."

"मग हे उत्पन्न कोणाचं हाय?"

झालं होतं असं. गोदाम भाड्याने दिलं तेव्हा कंपनीने पॅनकार्ड मागितलं. आमच्या घरात पॅनकार्ड एकट्या धाकट्याकडे, कारण तो दुसऱ्याच्या गोदामात सुपरवायझर होता. त्याचं दिलं. तेव्हापासून सगळं भाडं त्याच्या नावावर, कर त्याच्या नावावर कापला जाणार, विवरणपत्र त्याचं. घरात पैसे तीन जागी जायचे, कागदावर मात्र तो एकटा शेठ. दिवसभर दुसऱ्याच्या गोदामाच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहिणारा शेठ.

"काकू, म्हणजे मला सवलत नाही?" भाची मला काकू म्हणते. आत्या म्हणायला हवं, पण लहानपणी जे तोंडात बसलं ते बसलं.

मेहताजींनी कॅलेंडर उलटं केलं, पेन्सिल घेतली. "एकाचं धरलं तर मर्यादेच्या लई बाहेर. दोन भावांचे दोन वाटे केले, तरी थोडक्यासाठी बाहेर." पेन्सिल थांबली. "तीन केले तर आत येतंय."

मग कागदावरची नजर न उचलता म्हणाले, "तिसरा कोणी हाय का?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. भाचीने धाकट्याकडे बघितलं. मी मशीन चालू केलं. कॉपी काढायला लागले. तीन कॉप्या बाहेर आल्या तेव्हा लक्षात आलं की काचेवर कागदच नाही. मी कोऱ्या काचेच्या तीन झेरॉक्स काढल्या होत्या.

"मी आहे तिसरी," मी म्हणाले.

मेहताजी म्हणाले, "बरं." आणि कॅलेंडरवर तीन लिहून त्याला गोल केला. बस.

दुसऱ्या दिवशी ते बाजारपेठेत आयकराचं काम करणाऱ्या वकिलांना विचारून आले. म्हणाले, तोंडी वाटणी आधीपासून खरंच चालत असेल तर ती स्टॅम्प पेपरवर मांडता येते, विवरणपत्र सुधारता येतं, मग तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला त्याप्रमाणे काढायचा. "पण तिघांनी सही पाहिजे. प्रत्येकाने आपापला वाटा आपल्या नावावर घ्यायचा, कर बसला तर भरायचा. आणि कधीपासून घेता, ते लिहायचं."

मोठा भाऊ आला तोच फुरंगटून. खुर्ची दिली तरी बसेना.

"आमच्यात लिवलेलं काय न्हाय. शब्द हाय. कागद केला का उद्या गावात बोंब होईल, ह्यांचं घर फुटलं."

"घर फुटल्यावर करतात तो कागद वेगळा," मेहताजी म्हणाले. "त्यात पोलीसपाटील असतो. हितं तर तुम्ही चहा पिताय."

"मी चहा घेतला न्हाय."

"वहिनी, ह्यांना चहा द्या."

चहा आला. हातात कप आल्यावर मोठ्याला बसायला लागलं.

"कर मलाच भरायला लागंल ना पण? माझ्या वाट्याचा?"

"जो बसंल तो. आतापर्यंत तो धाकट्याच्या माथी व्हता. तो कधी बोलला का?"

मोठा धाकट्याकडे बघायला लागला. इतकी वर्षं ह्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. धाकटा म्हणाला, "जाऊ दे ना दादा." मोठ्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पोरीच्या अर्जाला उशीर कशाला करताव मग? लिवा." जसं काही आम्हीच दोन तास अडवून बसलो होतो.

मेहताजींनी पेन्सिल ठेवली आणि पेन घेतलं. ते पेन घ्यायचे तेव्हा गल्लीसुद्धा जरा हळू चालायची. मोठ्याला विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, गोदाम झालं तवापास्नं. धाकटाही तेच. मग माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही कधीपासून घेता?"

भाचीच्या कामापुरतं मी 'गेल्या वर्षापासून' म्हटलं असतं तरी भागलं असतं. भाऊ गप्प राहिले असते. पण गोदाम झालं तेव्हापासून, असं म्हटलं की सहा वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर मी ह्याच माणसाला काय सांगितलं होतं, ते उघडं पडणार. वर भीती, की आता नर्स झालेल्या मुलीची फी परत मागतील का, तिच्या नोकरीचं काय होईल. माझ्या जिभेवर 'गेल्या' आलंही होतं.

त्यांनी ग्लास पुढे केला. "आधी पाणी प्या."

कागदाला एकही घडी नव्हती. ग्लास रिकामा करून त्यांना काही करायचं नव्हतं.

मी प्याले. म्हणाले, "पहिल्या भाड्यापासून. माझी मुलगी दहावीला होती तेव्हापासून."

त्यांनी लिहिलं. मान वर केली नाही. मग फुल्या मारल्या, कागद हातात धरला आणि विचारलं, "वाचू?"

"वाचा," मी म्हणाले.

त्यांनी मोठ्याने वाचलं. समोरचा पानवाला थांबून ऐकत होता. मी, अमुक अमुक, जमिनीवरचा हक्क सोडलेला असतानाही, माझ्या दोन्ही भावांकडून गोदामाच्या पहिल्या भाड्यापासून आजपर्यंत तिसरा वाटा घेत आले आहे. माझं नाव ऐकताना कान तापले, पण वाक्य संपेपर्यंत मी उभी राहिले. सही केली. धाकट्याने केली. मोठ्याने केली आणि पेन परत देताना म्हणाला, "अक्षर बरं हाय तुमचं."

पुढचे आठ दिवस मेहताजी आणि भाची तहसील कचेरीच्या बाकावर बसून होते. ते दुकानातून ग्लास घेऊन जायचे. शेवटच्या तारखेला दुपारी दाखला हातात आला आणि संध्याकाळच्या आत फॉर्म भरला गेला. सवलत मिळाली. पोरगी आता फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोठ्याला दोन वर्षं कर भरावा लागला, तो प्रत्येक लग्नात सांगतो की मी कर भरतो.

मेहताजींनी त्या वांग्याबद्दल मला कधीच काही विचारलं नाही. मीच रोज वाट बघायची. चहा देताना वाटायचं, आज विचारतील. ते म्हणायचे, "साखर जरा कमी टाका." मला वाटायचं, हा टोमणा असेल. साखरेबद्दलच असायचं.

पुढे पुढे फॉर्म कागदावर राहिलेच नाहीत. सगळं कॉम्प्युटरवर. मोबाइलवर आकडा येणार, तो सांगायचा, मग पुढचं पान उघडणार. मी दुकानात कॉम्प्युटर घेतला, एक मुलगी टायपिंगला ठेवली. मेहताजी तिच्या मागे उभे राहून लोकांना विचारायचे, "काल काय शिजलं होतं?" तो माणूस आठवायला लागला की स्क्रीनवर यायचं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मेहताजी त्या स्क्रीनला म्हणायचे, "अरे, तो बोलतोय अजून."

त्यात मोतीबिंदू. एका डोळ्याचं काढलं, दुसऱ्याचं नीट झालं नाही. पेन्सिलीची फुली सहीच्या जागी न पडता शेजारच्या रकान्यात पडायला लागली. ज्या दिवशी एका मुलाच्या जन्मतारखेवर फुली पडली, त्या दिवशी त्यांनी टेबलाचे पाय दुमडले. "वहिनी, गावाला जातो. पुतण्या हाय, भात हाय." मी म्हणाले, "ॲडमिशन कुठे संपल्यात अजून?" ते हसले. टेबल माझ्याकडेच ठेवलं. ग्लासही. म्हणाले, "तो ग्लास तुमचाच हाय, पहिल्या दिवशी तुमच्याच मडक्यावरनं उचलला व्हता." चौदा वर्षं मी तो त्यांचा समजत होते.

त्याला आता वर्ष होत आलं.

परवा माझ्या मुलीचा ठाण्याहून फोन. तिच्या हॉस्पिटलने जुने कागद मागितले, म्हणाली, "आई, माझी फाइल काढ, सगळ्याचे फोटो पाठव." मी फाइल काढली. तिच्यात तो सवलतीचा फॉर्म. माझ्याच जुन्या मशीनवरची झेरॉक्स, मधोमध काळी रेघ, तेव्हा ड्रम खराब होता. आयुष्यात हजारो लोकांचे फॉर्म वाचले मी, आणि हा एक कधी वाचला नव्हता. चष्मा लावला. काळ्या रेघेच्या डावीकडे मेहताजींचं अक्षर.

झेरॉक्स दुकान, दरमहा इतके.

त्याच्या खाली, इतर उत्पन्न: अर्जदाराच्या आईच्या माहेरकडून, दरमहा इतके.

आकडा तंतोतंत. शंभराचाही फरक नाही. मी खुर्चीत बसले. डब्यातला आकडा ह्यांना कोणी सांगितला? भावांनी नाही सांगितला. मी नाही सांगितला. बराच वेळ बसले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दर महिन्याला डबा आला की दुसऱ्या दिवशी मी ते पैसे बँकेत भरायची. आणि स्लिप कोण भरून द्यायचं?

दोन्ही आकड्यांची बेरीज करून शेवटी लिहिलेलं: एकूण, मर्यादेच्या आत. म्हणजे खरं सांगितलं असतं तरी सवलत मिळतच होती. खरंच सांगितलं गेलं होतं, म्हणूनच मिळाली होती. नऊ वर्षं मी ज्या खोट्याची लाज बाळगत बसले, ते खोटं कागदावर कधी गेलंच नाही. वाचू दिलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

आता तुमचे कागद ठेवा टेबलावर. हो, तेच टेबल. घड्या मी मोडते, ग्लास आहे. वाचून पण मीच दाखवते हल्ली, मोठ्याने. पण एक काम माझंही करा. तुम्ही वाड्याच्या बाजूला जाता, मघाशी म्हणालात. त्यांचं गाव मी लिहून देते, अक्षराला हसू नका. मी बोलतेय ते आमची टायपिंगची मुलगी उतरवून घेतेय, हे सगळं त्यांना वाचून दाखवा. अख्खं, मधलं काही गाळू नका. त्यांना दिसत नाही, ऐकायला चांगलं येतं.

आणि सांगा, वहिनीने बोलावलंय. मेहताजी, पुतण्याला म्हणावं भात काय पळून जात नाही, एसटीत बसा आणि या एकदा. लवकर या. मी मडक्यातलं पाणी देईन, तुम्ही विचारा, काल काय शिजलं होतं. पापलेट होतं, मेहताजी. तळलेलं.